स्वमग्न मुलासाठी मदत शोधायचीय? आधी दोनशे पानी वही घ्या

मागच्या महिन्यात शेजारच्या केंद्रातल्या एका तरुण शिक्षिकेचा फोन आला. तिच्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा आहे. हाक मारली तर वळून बघत नाही, टीव्हीवरच्या जाहिराती मात्र शब्दन् शब्द म्हणून दाखवतो, आणि घंटा झाली की बाकाखाली शिरतो. आईवडील म्हणतात, लाडावलाय. "ताई, ह्याला कुठे पाठवू?" मी बोलायला लागले ती दीड तास बोलतच राहिले. गॅसवर डाळ होती, तिचा कोळसा झाला. तेव्हाच ठरवलं की हे सगळं एकदा लिहून काढायचं.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत एकोणीस वर्षं शिकवतेय. माझा धाकटा मुलगा ऑटिस्टिक आहे, बारा वर्षांचा. त्याचं नाव इथे लिहीत नाही. मोठेपणी त्याने हे वाचलं तर त्याला चालेल की नाही, हे अजून त्याला विचारता आलेलं नाही.

ऑटिस्टिकला मराठीत 'स्वमग्न' म्हणतात, पण तो शब्द मला तितकासा पटत नाही. आमचं पोरगं स्वतःत कुठलं मग्न? ते पंख्यात मग्न असतं, एसटीच्या पाट्यांमध्ये असतं, नळाच्या धारेत असतं. पण सरकारी कागदावर 'स्वमग्नता' असंच लिहितात, त्यामुळे तो शब्द ओळखीचा असू द्या.

वही

दोनशे पानी वही घ्या आणि आजपासून लिहायला लागा. डॉक्टरांची तारीख मिळाली नसली तरी. त्यात मत लिहायचं नाही, घडलेलं लिहायचं. 'हट्टीपणा करतो' ह्या वाक्याचा कुणालाच काही उपयोग नाही. माझ्या वहीतली एक नोंद देते: "मंगळवार, स. १०.४०. घंटा झाली. दोन्ही कान दाबले, बाकाखाली गेला. सहा मिनिटं. व्हरांड्याच्या टोकाला नेल्यावर शांत. परत आला तेव्हा शर्टाची कॉलर चावत होता." आधी काय झालं, त्याने काय केलं, किती वेळ, कशाने थांबलं. चार ओळी पुरतात.

जोडीला मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढा: खेळताना, जेवताना, मागून हाक मारल्यावर. दवाखान्यात आमचा मुलगा एकतर दगडासारखा बसायचा नाहीतर आकांत करायचा. डॉक्टरांनी त्यावरून काय ओळखायचं? आम्ही पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. दहा मिनिटांत निकाल मिळाला, 'मुलगे उशिराच बोलतात'. सासूबाईंनी दुजोरा दिला, "ह्याचा बाप चार वर्षांनी बोलला." आमचे चौदा महिने गेले त्यात. व्हिडिओ दाखवले असते तर इतके गेले नसते असं मला अजूनही वाटतं.

मूल सोळा ते तीस महिन्यांचं असेल तर एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची चाचणी आहे, पालकांनी हो-नाही उत्तरं द्यायची. त्यावरून निदान होत नाही, पुढे तपासायचं की नाही एवढंच कळतं. बोट दाखवून वस्तू मागतो का, तुम्ही जिकडे बघता तिकडे बघतो का, असे साधे प्रश्न असतात.

तीन दारं, आणि त्यांची आपापसात ओळख नाही

आपल्याकडे मदत नाही असं मी म्हणणार नाही. मदत तीन खात्यांत वाटलेली आहे: आरोग्य, शिक्षण आणि दिव्यांग कल्याण. एका दारातलं दुसऱ्या दाराला माहीत नसतं. इस्पितळात कुणी सांगत नाही की पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात. शाळेत कुणी सांगत नाही की ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी पैसे असतात. ती ओळख फाईल काखेत मारून आपणच करून द्यायची. तेव्हा वहीसोबत एक जाड फाईल घ्या, प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढा, आणि मूळ प्रत कुणाच्याही टेबलावर सोडून येऊ नका.

पहिलं दार आरोग्याचं. अंगणवाडीत आणि शाळेत डॉक्टरांचं पथक येतं ना, वजन-उंची घेणारं, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. २०१३ साली हा कार्यक्रम आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, त्यात विकासातला विलंबही येतो. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. आम्हा शिक्षकांची सवय अशी की पथक आलं की मुलांची रांग लावायची आणि हजेरीपटाचं काम उरकून घ्यायचं. तसं करू नका. त्या मुलाला स्वतः घेऊन जा, वही उघडून दाखवा आणि जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीसाठी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी, चिठ्ठी मागा. तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचाउपचार करणारे असे एका छताखाली असणं अपेक्षित आहे. एखादं पद रिकामं असतं, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा.

सगळ्यात आधी कानाची तपासणी होते. बेरा म्हणतात तिला, मूल झोपलेलं असताना करतात. ती टाळू नका. हाकेला ओ न देणारं मूल ऐकू न येणारंही असू शकतं, ते आधी बघायला हवं.

चाळीस प्रश्न

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राकडे जरा सावकाश येते, कारण इथेच बहुतेक आईबाप चुकतात. मीही चुकले.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय, त्यात ऑटिझम आहे. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा, मग रुग्णालयात डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायचं. तिथे 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. म्हणजे कमीत कमी चाळीस, जास्तीत जास्त दोनशे. सत्तरच्या खाली आलं तर ऑटिझम धरत नाहीत.

आता त्या खुर्चीत बसलेल्या आईचा विचार करा. मुलाला नवा शर्ट घातलाय, भांग पाडलाय. समोरच्या मॅडम विचारतात, स्वतःच्या हाताने जेवतो का? मी म्हटलं, हो, जेवतो की. ते खोटं नव्हतं. पण तो फक्त पांढरा भात जेवायचा, तोही स्टीलच्या एकाच ताटात. ताटाला भाजीचा डाग लागला तर ताट भिरकावून द्यायचा. नजर देतो का? देतो. (मला देतो. तेही मी गाणं म्हणत असले तर.) अशी मी पंधरावीस प्रश्न मुलाची वकिली करत गेले. शेजारी नवरा बसला होता. त्याने माझ्या हातातली वही घेतली आणि त्या मॅडमपुढे सरकवली. त्यांनी चार पानं वाचली आणि सगळे प्रश्न पहिल्यापासून पुन्हा विचारले.

लेकराचा चांगला दिवस सांगायची ओढ प्रत्येक आईला असते. बोर्डापुढे मात्र रोजचा दिवस सांगा.

कार्डावर दिव्यांगत्वाच्या टक्केवारीनुसार रंगाची पट्टी येते: चाळीसच्या आत पांढरी, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळी, ऐंशी आणि पुढे निळी. बहुतेक सवलती चाळीसपासून पुढे. लहान मुलांना सहसा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र देतात. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवा. जाताना मुलाचं खाणं, त्याच्या आवडीची एक वस्तू आणि कान झाकायला टोपी न्या. रांगेतल्या लोकांना सांगितलं तर ते पुढे जाऊ देतात. मला कुणी कधी नाही म्हटलेलं नाही.

"शिक्का बसेल" असं घरात कुणीतरी म्हणेलच. आमच्याकडे सासूबाई म्हणाल्या होत्या. कार्ड आल्यावर एसटीत पंचाहत्तर टक्के सवलत मिळाली, आणि गावाला जाताना "त्याचं कार्ड घेतलंस का गं?" म्हणून पहिली आठवण त्यांनीच करून दिली.

शाळेचं दार

आता शिक्षक म्हणून बोलते. सहा ते अठरा वयाच्या, चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क त्याच २०१६ च्या कायद्यात आहे. सरकारमान्य शाळेला दिव्यांगत्वाचं कारण सांगून प्रवेश नाकारता येत नाही. तरी नाकारतात. तालुक्याच्या एका खासगी शाळेत आम्हाला सांगितलं, "आमच्याकडे सोय नाही, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय." अशा वेळी आवाज चढवू नका. शांतपणे म्हणा, "बरं, हेच लेखी द्या." लेखी कुणी देत नाही. बहुधा तिथूनच पुढचं बोलणं सुरू होतं. (आम्ही त्या शाळेत घातलं नाही, ती गोष्ट वेगळी.)

जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात जा. समग्र शिक्षा अभियानाचे समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक तिथे असतात. एकेका माणसाकडे बऱ्याच शाळा असतात, ते रोज येणार नाहीत. म्हणून "या" असं मोघम म्हणू नका. वहीतली एक नोंद दाखवा आणि विचारा, ह्या घंटेचं काय करू? नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं. मुख्याध्यापकांना मुलाची नोंद यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत, विशेष गरजा असलेला विद्यार्थी म्हणून करायला सांगा. ती नोंद नसेल तर मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, साहित्य ह्यांतलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. ज्याला शाळेत येणंच शक्य नाही, त्याच्यासाठी घरी जाऊन शिकवायचीही तरतूद आहे.

घंटेचं आमच्याकडे काय झालं ते सांगते. मुलगा तेव्हा पहिलीत होता, माझ्या नव्हे, खालच्या वाडीतल्या शाळेत. तिथे घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. गुरुजी निवृत्तीला आलेले. ऑटिझम हा शब्द त्यांनी पहिल्यांदा माझ्याच तोंडून ऐकला. आठवडाभर ते नुसते बघत होते. मग एक दिवस त्यांनी हातोडी पोराच्या हातात दिली. म्हणाले, "बडव." आवाज कधी येणार हे त्यालाच माहीत असेल तर तो दचकणार कशाला, असा त्यांचा हिशेब. पहिल्या दिवशी त्याने अगदी हळू टण् केलं, कुणाला ऐकूही गेलं नाही, गुरुजींनी तरी सुट्टी देऊन टाकली. पंधरा दिवसांत घंटामास्तर झाला. मी पुण्यामुंबईच्या कार्यशाळांना बसलेय, पण ह्याहून चांगलं मला कुठे दिसलेलं नाही.

बाकी वर्गात जे चालतं ते थोडक्यात. एका वेळी एकच सूचना द्या, आधी नाव घ्या आणि दहापर्यंत मनात मोजा. उत्तर यायला वेळ लागतो, आणि आपण मधेच पुन्हा विचारलं की त्याला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दिवसाचा क्रम चित्रांत लावा. मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढली आणि शिंप्याकडून दहा रुपयांचा वेल्क्रो आणून पट्टीवर चिकटवली: प्रार्थना, गणित, खिचडी, खेळ, घर. झालेलं चित्र मुलाने स्वतः काढून डब्यात टाकायचं. बोलणं साधं ठेवा. माझ्या वर्गातल्या एका मुलाला मी वैतागून म्हटलं, "अरे, जरा डोकं लाव!" त्याने वहीवर कपाळ टेकवलं आणि तसाच बसून राहिला. चूक कुणाची?

दहावीसाठी लेखनिक, जादा वेळ ह्या सवलती आहेत. पण कागद नववीतच लावायला घ्या, दहावीच्या दिवाळीनंतर धावपळ नको. सगळे विषय एकदम झेपत नसतील तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस आहे. तिथे एकेक विषय सोडवत पाच वर्षांत नऊ संधी मिळतात.

थेरपी आणि पाकीट

खासगी थेरपीला जाताना पाटी बघू नका, नोंदणी क्रमांक विचारा. विशेष शिक्षक, वाचाउपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ ह्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. ऑक्युपेशनल थेरपिस्टची नसते, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात वेगळी राज्य परिषद आहे. हे माहीत नसल्याने मी एका चांगल्या मुलीला उगाच दारातून परत पाठवलं होतं. दुसरा प्रश्न विचारा, "मी आत बसू का?" दार लावून घेणाऱ्या आणि घरी काय करायचं ते न सांगणाऱ्या ठिकाणी मी दुसऱ्यांदा जात नाही. आठवड्याचे दोन तास त्यांचे, उरलेले आपलेच असतात. गोव्यात संगत ही संस्था आणि पाकिस्तानात रावळपिंडी, अशा दोन ठिकाणी मिळून एक अभ्यास झाला होता, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी कसं खेळायचं, बोलायचं ते शिकवलं, आणि आईबाप-मुलांमधला संवाद सुधारला. खेड्यातल्या माणसाला ह्यातून बराच धीर येतो.

'ऑटिझम मुळापासून बरा' म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा. स्टेम सेलच्या, म्हणजे मूलपेशींच्या, नावाखाली लोकांनी जमिनी विकल्यात. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही असं स्पष्ट केलं आहे.

पैशांसाठी तीन गोष्टी. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना: वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत बसतो, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. थेरपिस्टच्या बिलावर सही, शिक्का, नोंदणी क्रमांक हवाच. दुसरं, ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद ह्यांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज द्या, आणि काय हवंय ते नेमकं लिहा. मी नुसतं 'मदत मिळावी' लिहिलं होतं, तर तीन पायांची काठी मंजूर झाली. ती आता सासूबाई वापरतात. तिसरं, नोकरदारांना जुन्या करप्रणालीत वजावट आहे: चाळीस टक्क्यांवर पंचाहत्तर हजार, ऐंशीवर सव्वा लाख.

आणि मूल सतरा वर्षांचं झालं की पालकत्वाचा विचार सुरू करा. अठरानंतर कायद्याने आई ही आपोआप पालक राहत नाही. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो.

माणसं

मुंबईत उम्मीद ही बालविकास संस्था आणि पालकांनी चालवलेला फोरम फॉर ऑटिझम, पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर, गोव्यात सेतू, खारघरला एनआयईपीआयडी ह्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या केंद्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र, नागपूरला केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्र. लांब पडत असेल तरी एकदा जाऊन या. आम्ही वर्षातून दोनदा जातो, घरी करायचं लिहून आणतो आणि सहा महिने तेवढंच करतो. बोलत नसलेल्या मुलासाठी आयआयटी मुंबईने केलेलं जेलो हे मोफत अॅप आहे, चित्रावर बोट ठेवलं की मराठीतून बोलतं. आमच्या मुलाने त्यावर पहिल्यांदा 'नको' म्हटलं. दिवसभर तेच म्हणत होता, आणि आम्ही दिवसभर ऐकत होतो.

माझी चुलत बहीण अमेरिकेत न्यू जर्सीला असते, तिच्या मुलीलाही ऑटिझम आहे. तिला कुणीतरी सांगितलं की घरात मराठी बंद करा, पोर गोंधळेल. दोन भाषांनी ऑटिस्टिक मुलांच्या बोलण्यावर वाईट परिणाम होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आजीशी बोलायची भाषा काढून घेऊन मिळवायचं काय? तिथे मूल तीन वर्षांचं झालं की शाळा-जिल्ह्याकडे तपासणीची लेखी मागणी करायची, ती मोफत होते, आणि पात्र ठरलं तर मुलासाठी वेगळा शैक्षणिक आराखडा बनतो. बैठकीत दुभाषा मागता येतो, आजीआजोबा मूल सांभाळत असतील तर त्यांच्यासाठीही विचारून बघा.

आणि सगळ्यात जवळची माणसं डीईआयसीच्या बाकावर भेटतात. आम्ही सहा जणी तिथेच भेटलो. कोण डॉक्टर रजेवर, कुठला फॉर्म बदलला, कुणाचं पोर काल पहिल्यांदा 'आई' म्हणालं, हे सगळं आधी आमच्या त्या सहा जणींच्या गटावर येतं.

परवा त्या तरुण शिक्षिकेचा पुन्हा फोन आला. वही घेतली म्हणाली, पहिली नोंद वाचून दाखवते. "सोमवार, सकाळी अकरा दहा. घंटा झाली, आणि तो खूप चिडला."

"चिडला हे तुझं मत झालं," मी म्हटलं. "त्याने केलं काय?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "ताई, ते मी बघितलंच नाही. उद्या बघते."